जुन्या वेळेचं घड्याळ

फेस्टस मलकेरिनच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती. चुलीच्या वर टांगलेलं बापाच्या वेळचं, लाकडी, लंबकाचं. दुसरं फ्रिजवर ठेवलेलं प्लास्टिकचं, ते त्याच्या बायकोने, ऊनाने, गावातल्या दुकानातून आणलेलं. मार्चच्या शेवटी सगळा देश घड्याळं तासभर पुढे करतो, तेव्हा ऊना फ्रिजवरचं पुढे करायची आणि हिवाळ्याच्या तोंडाशी परत मागे. चुलीवरच्याला कुणी बोट लावायचं नाही. हिवाळ्यात दोन्ही घड्याळं गुण्यागोविंदाने नांदायची आणि उन्हाळाभर त्यांच्यात एका तासाचं वैर असायचं.

हे खूळ फेस्टसचं एकट्याचं नव्हे. आमच्या किनाऱ्यावर जुनी वेळ आणि तासभर पुढची नवी वेळ हे भांडण तीन पिढ्यांचं आहे. फेस्टसचा बाप तर चर्चच्या पायरीवर उभा राहून पाद्र्याला म्हणाला होता, "सरकार म्हणालं म्हणून गाय तासभर आधी पान्हा सोडते का? आधी समुद्राला पत्र धाडा. तो तयार झाला की माझ्याकडे या." म्हातारा गेला, पाद्री गेला, घड्याळ राहिलं. प्रार्थनेला जायचं नव्या वेळेने आणि गाय, घोडी, समुद्र यांचं सगळं जुन्या वेळेने, अशी त्या घराची रीत पडली.

आणि समुद्राशी फेस्टसचा संबंध पोटापाण्याचा होता. गावासमोर इनिशलोन नावाचं बेट आहे. भरतीला ते बेट असतं, ओहोटीला नसतं, कारण मधली वाळू उघडी पडते आणि दीड मैल चालत जाता येतं. फेस्टस तीन वर्षं लंडनला विटा वाहून परत आला, त्याच उन्हाळ्यात एका फ्रेंच जोडप्याने त्याला घोड्यांसकट रस्त्यात गाठलं आणि हातवारे करून विचारलं, आम्हाला त्या बेटावर नेशील का? त्याने नेलं. त्याला वाटलं, वेडी माणसं आहेत, चिखलात जायचे पैसे देतात. पण पुढच्या वर्षी त्यांनी आणखी चार वेडे पाठवले. तेव्हापासून चव्वेचाळीस उन्हाळे फेस्टस पाहुण्यांना घोड्यावर बसवून वाळूवरून बेटावर नेत होता. पडक्या चर्चपाशी चहा आणि ऊनाचा सोडा घालून केलेला पाव खाऊ घालायचा आणि पाणी भरायच्या आत परत आणायचा. कुणाच्या बुटाला पाणी लागलं नव्हतं.

त्याचं गणित सोपं होतं. बंदरावरच्या दुकानात भरती-ओहोटीचं पिवळं चोपडं मिळतं. त्यातले आकडे बारा महिने जुन्या वेळेचेच असतात, उन्हाळ्यात एक तास मिळवायचा तो वाचणाऱ्याने. फेस्टसला मिळवावा लागत नसे. चोपडं जुन्या वेळेचं, घड्याळ जुन्या वेळेचं, आणि खिशातलं साखळीचं घड्याळही चुलीवरच्याशी जुळवलेलं. पूर्ण ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास वाळू आपली. पुढे ती समुद्राची. मधे एक खोलगट पट्टा आहे, त्याला आम्ही गळा म्हणतो. पाणी आधी गळ्यात भरतं आणि तेही मागच्या बाजूने, चोरासारखं. वाट दाखवायला वाळूत खांब रोवलेत, त्यातला सहावा खांब गळ्याच्या काठावर आहे.

पाहुण्यांना तो निघतानाच सांगायचा, "कागदावर विश्वास ठेवू नका. माझ्यावर ठेवू नका. घोडीवर ठेवा. ती कागद वाचत नाही म्हणून चुकत नाही." पाहुणे हसायचे. घोडी म्हणजे लिया, करड्या रंगाची, अठरा वर्षांची, मानी आणि जराशी तिरसट. ऊना म्हणायची, "तुझं नि तिचं पटतं, कारण दोघंही कुणाचं ऐकत नाहीत."

आता गावात पाहुणे वाढले. कुणाला गळ टाकायचा असतो, कुणाला डोंगर चढायचा, कुणाला पतंगाला लटकून लाटांवर घसरायचं. मग पाहुण्यांची सोय बघायला समिती आली. समिती म्हणजे मॅलकी ग्रेली. आधी तो पोस्टमन होता, त्यामुळे सगळ्यांच्या घरात नाक खुपसायची सवय आयती लागलेली. पण माणूस मनाचा चांगला. यंदा त्याने पाहुण्यांसाठी मोठा निळा, गुळगुळीत कागद छापून घेतला: कुठे काय करायचं, कुठे काय खायचं, आणि खाली उन्हाळाभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा. मधोमध फोटो फेस्टसचा. लियावर बसलेला, टोपी मागे सरकवलेली, राजासारखा.

ऊनाने तो कागद चुलीशेजारी खिळ्याला लावला. त्या खिळ्याला पिवळं चोपडं असायचं, ते तिने खणात टाकलं.

"माझं चोपडं कुठंय?" फेस्टसने विचारलं.

"वेळा याच्यावरही आहेत की. आणि तुझं थोबाडही आहे. चोपड्यावर आहे का?"

"थोबाड मी रोज बघतो."

"मी पण बघते, म्हणून तर फोटो लावला. फोटोत निदान दाढी केलेली आहे."

तो हसला आणि विषय संपला. एका खिळ्याची गोष्ट, तिच्यात भांडायचं काय?

जूनमधल्या त्या मंगळवारी सहा पाहुणे होते. दोन डच जोडपी, एक त्यांचाच मित्र, आणि शेफील्डहून एकटी आलेली जूडिथ नावाची बाई. साठीला टेकलेली, लाल जॅकेट घातलेली, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलेलं. नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्यानंतरचा हा तिचा पहिला एकटीचा प्रवास. हे तिने घोड्यावर चढता चढता सांगितलं आणि वर हेही सांगितलं की, "माझी बहीण म्हणाली, तुला एकटीला जमायचं नाही. कुठेतरी हरवशील."

"इथे हरवायला जागाच नाही," फेस्टस म्हणाला. "एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मॅलकी."

सकाळी त्याने कागद पाहिला होता. पूर्ण ओहोटी एक वाजून दहा मिनिटं. चुलीवरचं घड्याळ पाहिलं. हिशेब बसला. पाहुण्यांना नव्या वेळेत सांगितलं, दीडला निघू, म्हणजे चुलीवरच्या साडेबाराला, आणि दीडला निघाले. वाळूवर उतरल्यावर त्याला जरा नवल वाटलं. पाणी फारच लांब गेलं होतं. अजून ओहोटीला पाऊण तास आहे आणि आत्ताच इतकं? मग त्याने स्वतःलाच समजावलं, उधाणाचे दिवस, उधाणाची ओहोटी अशीच खोल जायची. माणूस एकदा मनाशी ठरवून बसला की डोळ्यांनाही गप्प बसवतो.

पडकं चर्च बेटाच्या पलीकडच्या अंगाला, टेकाडाच्या आड आहे. तिथून वाळू दिसत नाही. चहा झाला, पाव झाला, फेस्टसच्या नेहमीच्या बढाया झाल्या. डच मंडळी गवतात आडवी झाली. लियाचं चित्त मात्र ठिकाणावर नव्हतं. मान वर करून किनाऱ्याकडे बघायची, दोर ओढायची, खूर आपटायची.

"काय झालं तिला?" जूडिथने विचारलं.

"म्हातारी झाली. घर आठवतं," फेस्टस म्हणाला आणि घोडीवर ओरडला, "उभी राहा गं, अजून वेळ आहे."

घोडी उभी राहिली. पण कान मागे.

मग जूडिथ म्हणाली की तिच्या मांड्या सोलवटल्यात, घोड्यावर परत बसवत नाही. ती चालत पुढे गेली तर चालेल का? फेस्टसने साखळी ओढून घड्याळ काढलं. बरोबर दोन. तीन दहापर्यंत वाळू मोकळी. चालत चाळीस मिनिटं.

"खुशाल जा," तो म्हणाला. "तासाभराहून जास्त वेळ आहे. खांबांच्या ओळीने सरळ जायचं, घाई करायची नाही. आम्ही मागून येतोच, गळ्यापाशी तुम्हाला गाठू."

"एकटी?"

"बहिणीला काय सांगायचंय मग? एकटी समुद्र ओलांडून आले म्हणून सांगा."

बाईचा चेहरा उजळला. लाल जॅकेटची चेन वर ओढून ती टेकाडाआड गेली. फेस्टसने उरलेला चहा ओतून घेतला.

दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. एका डच बाईने पाडलेल्या कपाचे तुकडे तो वेचत होता. तेवढ्यात लियाने दोर तोडला. अठरा वर्षांत तिने असं केलं नव्हतं. सरळ टेकाड चढायला लागली आणि फेस्टस शिव्या देत तिच्यामागे. टेकाडाच्या माथ्यावर ती थांबली. तोही थांबला.

खाली वाळू नव्हती.

म्हणजे होती, इकडची थोडी होती, तिकडची थोडी होती. मधे लांबच लांब पाणी चकाकत होतं, आणि ते हलत होतं. फेस्टसने खिशातलं घड्याळ काढलं, बघितलं, कानाला लावलं. चालू होतं. त्याला पटेना. आपल्या दारातला समुद्र, सत्तर वर्षं पाहिलेला, आणि तो आज तासभर आधी आला होता. असं होत नाही. असं कधी होत नाही. तो जागच्या जागी उभा राहिला, तोंड उघडं टाकून, आणि त्याच्या मनात एकच वेडगळ विचार आला की हे खोटं आहे.

मग त्याला सहाव्या खांबाशी लाल ठिपका दिसला. ठिपका हलत नव्हता.

त्याने लियाची मान धरली. मागून धापा टाकत डच माणूस आला, त्याला तो म्हणाला, "सगळ्यांनी इथे वर बसायचं. कुणी खाली उतरायचं नाही. संध्याकाळी होडी येईल." आवाज आपला नाहीच असं त्याला वाटलं. तो घोडीवर कसा चढला हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. एकाहत्तराव्या वर्षी खोगिराशिवाय तो बसला आणि लियाला काही सांगावं लागलं नाही.

पाणी घोडीच्या गुडघ्याला, मग पोटाला. गळ्यात ती पोहली. गार पाणी त्याच्या कमरेपर्यंत आलं आणि जूनचा महिना असूनही त्याला श्वास घेता येईना. जूडिथ खांबाला दोन्ही हातांनी कवटाळून उभी होती. पाणी छातीला लागलं होतं. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती त्याच्याकडे बघत होती, डोळे ताटासारखे, ओठ निळे.

"खांब सोडा," तो म्हणाला.

ती सोडेना.

"बाई, खांब सोडा आणि माझा पट्टा धरा."

शेवटी त्याने तिची बोटं एक-एक करून सोडवली. तिला वर ओढताना त्याच्या खांद्यातून काहीतरी कट्कन वाजलं. लिया दोघांना घेऊन पाण्यातून निघाली आणि किनाऱ्याच्या गोट्यांवर आली तेव्हा तिचे चारही पाय लटपटत होते.

किनाऱ्यावर मॅलकी दुर्बीण घेऊन उभा, आणि त्याच्यामागे अर्धं गाव. कुणी घोंगडी आणली, कुणी व्हिस्की. जूडिथचे दात वाजत होते. त्या वाजत्या दातांतूनच ती फेस्टसला म्हणाली, "माफ करा. माझी चूक. मी शिंपले बघत रेंगाळले. तुम्ही सांगितलं होतं सरळ जा म्हणून. माझ्यापायी तुम्ही मेला असतात."

आणि फेस्टस म्हणाला, "होतं असं कधीकधी."

एवढंच म्हणाला. तोंडातून निघून गेलं. त्याला तेव्हा काहीच कळत नव्हतं, समुद्र आधी का आला तेही कळत नव्हतं. बाई म्हणते ती रेंगाळली, तर रेंगाळली असेल. पण हे तीन शब्द पुढे त्याच्या उरावर बसले.

घरी ऊनाने त्याला कोरडे कपडे दिले, खांद्याला फडकं बांधलं. तो चुलीपुढे बसून वर बघत राहिला. घड्याळ चालू होतं, लंबक हलत होता. शेजारी निळा कागद. जून, मंगळवार, एक वाजून दहा.

"ऊना, चोपडं काढ."

तिने खणातून पिवळं चोपडं काढलं, चष्मा लावला, पान शोधलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाली, "बारा वाजून दहा."

"नीट बघ."

"नीटच बघतेय, फेस्टी."

तिने चष्मा तसाच ठेवून कागद खिळ्यावरून काढला आणि खिडकीपाशी नेला. फोटोखाली, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती. तिने ती वाचली: पाहुण्यांच्या सोयीसाठी सर्व वेळा उन्हाळी वेळेप्रमाणे दिल्या आहेत.

मॅलकीने तो तास आधीच मिळवून ठेवला होता. आणि फेस्टसने नवी वेळ जुन्या घड्याळावर वाचली होती. साऱ्या देशात ही चूक करू शकणारा माणूस एकच, ज्याच्या घरात चुलीवर असं घड्याळ आहे तो.

फेस्टस मनाशी हिशेब करायला लागला. म्हणजे बाई वेळेत होती. शिंपले बघितले असतील तिने चार, पण ती वेळेत होती. मी दिलेल्या वेळेत ती रमतगमत पोचली असती. मी तिला सरळ समुद्रात पाठवली. घोडी सांगत होती, मी घोडीवर ओरडलो. आणि किनाऱ्यावर तिने माझी माफी मागितली.

"कागद मी लावला," ऊना म्हणाली. ती खुर्चीवर बसली होती आणि तिचे हात कधी नव्हे ते मांडीवर रिकामे पडले होते.

"कागद तू लावलास. बाईला मी पाठवली. मी म्हणालो, होतं असं कधीकधी."

"मग जाऊन सांग तिला."

"सांगतो."

पण सांगणं राहिलं. दुसऱ्या दिवशी तिला तपासायला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं. तिसऱ्या दिवशी फेस्टस तिच्या राहायच्या ठिकाणी गेला, तर ती फोनवर बहिणीशी बोलत होती. दार उघडं होतं. "तुझंच खरं," ती म्हणत होती. "मला नाही जमत एकटीला. मी वेंधळीच आहे. नाही गं, पुन्हा कुठे जात नाही, शपथ." फेस्टस दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि तसाच माघारी फिरला.

इकडे गावाने त्याला डोक्यावर घेतलं होतं. दुकानात कुणी त्याच्याकडून पैसे घेईना. शुक्रवारी मॅलकीने गावाच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. फेस्टस म्हणाला, मी येणार नाही. ऊना म्हणाली, "येशील. ती बाई उद्या जातेय आणि ती तिथे असणार आहे. यानंतर तुला सांगायची संधी मिळायची नाही."

हॉलमध्ये सँडविचं होती, ॲकॉर्डियन होता, लहान मुलांनी काढलेली चित्रं होती. सगळ्या चित्रांत घोडी हिरवी आणि फेस्टस घोडीपेक्षा मोठा. मॅलकीने भाषण केलं, ते त्याने पोस्टाच्या लिफाफ्यावर लिहून आणलं होतं. मग कापड बाजूला करून गावातर्फे भेट दिली. पितळी, चकचकीत, भलं मोठं भिंतीवरचं घड्याळ.

"म्हणजे आता तरी हा माणूस आमच्या वेळेवर येईल," मॅलकी म्हणाला आणि हॉल खदखदून हसला.

फेस्टसने घड्याळ हातात घेतलं. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि तोंड उघडलं.

"मी बाईंना वाचवलं नाही. मीच त्यांना तिथे नेऊन उभं केलं. मी वेळ चुकवली. तासाभराने चुकवली. मी सांगितलं वाळू मोकळी आहे आणि ती मोकळी नव्हती."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "बसा हो, फेस्टी. आता म्हणाल समुद्रही मीच आणला." पुन्हा हशा. टाळ्या. त्याच्या पाठीवर थापा पडायला लागल्या, दुखऱ्या खांद्यावरसुद्धा. चव्वेचाळीस वर्षं त्याने या लोकांना थापा मारून हसवलं होतं. आता खरं बोलला तेही त्यांनी त्यातच जमा केलं. फेस्टस सगळ्यांची तोंडं बघत राहिला. त्याला खरंच कळेना की माणसाने यापेक्षा सोप्या भाषेत काय सांगायचं.

दोन माणसं हसली नव्हती. एक मॅलकी. त्याने खिशातून निळा कागद काढला होता, तळाची ओळ वाचत होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. तो पुटपुटला, "मी समितीच्या सभेत सांगितलं होतं, फेस्टी. सगळ्यांना सांगितलं होतं."

"सांगितलं असशील. मी बाहेर पाइप ओढत होतो."

दुसरी जूडिथ. पहिल्या रांगेत बसली होती. ती उठली, आणि ती उठल्यावर हॉल आपोआप गप्प झाला.

"मी निघाले तेव्हा किती वेळ होता?" तिने विचारलं.

"दहा मिनिटं."

"तुम्ही तासाहून जास्त म्हणालात."

"हो."

"म्हणजे मी रेंगाळले नाही."

"नाही, बाई. तुम्ही पळत गेला असतात तरी पोचला नसतात."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, "किनाऱ्यावर तुम्ही माझी माफी मागितलीत आणि मी ती घेतली. ती मी चोरली. ती परत करायला उभा आहे."

तिने खुर्चीवरून लाल जॅकेट उचललं आणि ती सगळ्यांच्या मधून बाहेर गेली. ॲकॉर्डियनवाला हात पट्ट्यात अडकवून तसाच उभा. ऊना उठली, तिने नवऱ्याची टोपी उचलून त्याच्या हातात दिली, आणि दोघं घरी गेली. पितळी घड्याळ टेबलावरच राहिलं.

सकाळी ऊना चूल पेटवायला आली तेव्हा फेस्टस स्टुलावर उभा होता. बापाच्या घड्याळाची काच उघडी होती. त्याने मोठ्या काट्याला बोट लावलं आणि एक पूर्ण फेरा फिरवला. घड्याळाने मधेच एक टोला दिला, बस्स. साठ-सत्तर वर्षं ज्याच्यावर एवढी भांडणं झाली ते एका बोटाने सरकलं, आणि त्याचा फेस्टसला इतका धक्का बसला की तो स्टुलावरून उतरायचंच विसरला. ऊना खाली उभी राहून बघत होती. तिने फक्त स्टूल धरलं.

बाहेर फाटक वाजलं. खिडकीतून लाल जॅकेट दिसलं.

फेस्टसला वाटलं, पोलिसांत जायचं सांगायला आली असेल, किंवा चार शब्द सुनवायला. दोन्ही तिचा हक्कच. तो अंगणात गेला. जूडिथ लियाच्या गोठ्यापाशी उभी होती. घोडीने तिच्या जॅकेटच्या खिशात नाक घातलं होतं.

"रात्री मी झोपले नाही," ती म्हणाली. "इतका संताप आला होता तुमचा. तीन रात्री मी स्वतःला शिव्या घातल्या आणि तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"पहाटे बहिणीला फोन केला. म्हटलं, मी रेंगाळले नव्हते. दोनदा सांगितलं तिला." ती थांबली. घोडीची मान थोपटली. "माझी बस संध्याकाळी आहे. मी इथे बेटावर जाऊन यायला आले होते. माझं अर्धंच झालंय."

फेस्टसला आपण काय ऐकतोय तेच कळेना. "तुम्हाला माझ्याबरोबर जायचंय?"

"तुमच्याबरोबर नाही. मी घोडीबरोबर जाणार आहे. तुम्ही मागून या. ती फिरली की मी फिरणार, तुम्ही काहीही म्हणालात तरी."

त्याने मान हलवली. तो लगाम पुसून ठेवायला वळला.

"आज ओहोटी कितीला आहे?" तिने मागून विचारलं.

"साडेतीनला," तो म्हणाला.

"कुठल्या घड्याळाने?"

फेस्टस थांबला. दारात ऊना उभी होती, तिच्यामागे चुलीवरचं घड्याळ दिसत होतं, आणि फ्रिजवरचं. दोन्ही घड्याळांत साडेनऊ वाजले होते.

"दोन्ही," तो म्हणाला.